कपाट नव्या घरी नेताना

आपल्या आजोबा-पणजोबांच्या घरात कपाट हलवण्याचा प्रश्नच नसे. भिंत चांगली दीड-दोन हात रुंद. त्या भिंतीतच फडताळ ठेवलेले असे. त्याला लाकडाची दोन दारे. आत चार चांगली लुगडी, औषधाच्या मुळ्या, एखादी पोथी. माणसे घर सोडून गेली, तरी फडताळ भिंतीतच राही.

आता भिंती विटेच्या झाल्या. जाडी नऊ इंच, कुठे त्याहूनही कमी. फडताळाला जागा उरली नाही. म्हणून कपाट भिंतीतून बाहेर आले आणि जमिनीवर उभे राहिले. जे उभे राहते ते पडूही शकते.

या शब्दाची एक गंमत सांगतो. 'कपाट' हा मूळचा संस्कृत शब्द. त्याचा अर्थ दाराची फळी. केदारनाथाचे कपाट उघडले, अशी बातमी आपण ऐकतो ना? तो हाच शब्द. मराठीत दाराचे नाव साऱ्या वस्तूला पडले. 'अलमारी' हा शब्द पोर्तुगीज लोकांकडून आला. आणि लोखंडी कपाटाला तर आपल्याकडे सरसकट 'गोदरेज' म्हणतात, मग ते तालुक्याच्या गावी बनवलेले का असेना! गोदरेज कंपनी लोखंडी कपाटे करू लागली ती १९२३ साली. शंभर वर्षांत कंपनीचे नाव हेच वस्तूचे नाव होऊन बसले.

खेड्यात कपाट बहुधा लग्नात येते. पलंग, भांडी, कपाट, असा तो संसार टेम्पोतून उतरतो. मग त्या कपाटात घरातले सगळे मोलाचे जाते. जमिनीचे खरेदीखत, बँकेचे पासबुक, मुलांचे शाळेचे दाखले, रेशनकार्ड, दोन-चार दागिने. असे हे कपाट जन्मात दोन-तीनदाच हलते. घरकुल बांधून झाले, भावाभावांची वाटणी झाली, नाहीतर धरणात गाव गेले आणि नव्या गावठाणात जायचे झाले, तरच. दोन-तीनदाच करायचे काम असल्यामुळे ते कोणालाच नीट येत नाही. चार गडी बोलवायचे, जोर लावायचा, आणि व्हायचे ते होऊ द्यायचे. मग कोणाचे बोट चौकटीत चेंगरते, कोणाची कंबर धरते, आरसा फुटतो.

आमचे म्हणणे असे आहे, की कपाट हलवणे हे जोराचे काम नव्हे. ते मापाचे काम आहे, आणि एकाच्या शब्दाने चालण्याचे काम आहे.

आधी सुतळी, मग हात

बाजारात मिळणारे मोठे लोखंडी कपाट साधारण साडेसहा फूट, म्हणजे ७८ इंच उंच असते. रुंदी ३ फूट. खोली सुमारे १९ इंच. पत्रा जाड असेल तसे वजन वाढते. रिकामे कपाटसुद्धा ८० ते १०० किलो भरते. म्हणजे धान्याची दोन पोती एकदम उचलण्यासारखेच झाले.

कपाट हलवण्याच्या आदल्या दिवशी सुतळीचा तुकडा घेऊन नव्या घरी जावे. चौकटीची आतली रुंदी मोजावी. कडी-कोयंडा पुढे आलेला असेल तर तेवढी जागा वजा करावी. ३ फुटी कपाट ३ फुटी दारातून समोरासमोर जाणार नाही. पण बाजूने फिरवले तर १९ इंचांचे कपाट सहज आत जाते. दाराच्या पुढे लगेच वळण आहे का, बोळ आहे का, हेही पाहावे. कारण कपाट दारात अडत नाही, ते वळणावर अडते.

आता खरी मेख ऐका. कपाट आडवे करून आत नेले. आता ते उभे करायचे आहे. छत ७८ इंचांहून उंच आहे, तेव्हा चिंता नाही, असे आपल्याला वाटते. ते खरे नाही. कपाट उभे होताना त्याचा कोपरा आधी वर चढतो आणि मग खाली येतो. तो कोपरा किती वर चढेल, हे सुतळी सांगते.

जुन्या घरी कपाटाच्या बाजूला उभे राहा. पुढच्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यावर सुतळीचे टोक धरा. तेथून मागच्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत सुतळी तिरकी ताणा. तेथे गाठ मारा. आता ही सुतळी नव्या खोलीत जमिनीपासून वर सरळ उभी धरा. ती तुळईला किंवा माळ्याला लागत असेल, तर त्या जागी कपाट उभे करता येणार नाही. ७८ इंच उंच आणि १९ इंच खोल कपाटाची ही तिरकी सुतळी ८० इंचांहून थोडी जास्त भरते. समजा, माळा बरोबर ६ फूट ८ इंचांवर, म्हणजे ८० इंचांवर आहे. तर कपाट माळ्याखाली उभे राहील, पण माळ्याखाली ते उभे करता येणार नाही. मग काय करायचे? खोलीत जेथे छत उंच असेल तेथे कपाट उभे करायचे, आणि मग उभेच सरकवत माळ्याखाली न्यायचे. ही गोष्ट आदल्या दिवशी कळली तर हसण्यावारी जाते. चौघांच्या हातात वजन असताना कळली, तर तुळईचा ढलपा तरी निघतो नाहीतर कोणाचा तरी खांदा निखळतो.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या घरकुलाचे क्षेत्रफळ २०१६ पासून कमीत कमी २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २७० चौरस फूट धरलेले आहे. त्यात स्वयंपाकाची जागाही आली. एवढ्या घरात कपाट कोठे ठेवायचे, हे ते दारात आल्यावर ठरवू नये. कपाटाचे एक दार उघडायला पुढे दीड फूट जागा लागते. खडूने जमिनीवर चौकोन काढून ठेवावा. हा चौकोन घरातल्या बाईने काढावा हे बरे. कपाट रोज उघडायचे असते ते तिलाच.

रिकामे म्हणजे रिकामे

एका घरी आम्ही ऐकलेले बोलणे इथे देतो. घरातली थोरली सून आणि कामाला आलेले म्हातारे सुतार, दोघे बोलत होते.

"मामा, कपडे तेवढे राहू द्या की आत. कपड्याचं वजन ते कितीसं?"

"सूनबाई, लुगडी किती आहेत?"

"असतील चाळीसेक. सगळ्यांची मिळून."

"अर्ध्या किलोचं एक धरलं तरी वीस किलो झालं. आता मला सांग, भरलेली घागर डोक्यावर घेऊन तुला कोणी झोपाळ्यावर बसवलं तर?"

"पडेन की हो!"

"कपाटाचं तसंच होतं. वजन वरच्या कप्प्यात, आणि आम्ही ते कलवणार. आतली गाठोडी एका बाजूला घसरली की त्या बाजूच्या गड्यावर सगळा भार येतो. काढ बाई सगळं बाहेर."

तिने सगळे काढले. सुटणाऱ्या फळ्याही काढल्या.

इथे आपल्या नव्या विद्येचा उपयोग आहे. आता आपल्याला लिहिता येते. मग प्रत्येक गाठोड्याला चिठ्ठी लावावी. 'वरचा कप्पा, शालू आणि शाली.' 'मधला कप्पा, मुलांचे कपडे.' 'खालचा कप्पा, पांघरुणे.' बिजागरीचे आणि फळ्यांचे स्क्रू एका डबीत घालून तिच्यावरही लिहावे, 'कपाटाचे स्क्रू.' अक्षर वळणदार नसले तरी चालेल. आपल्याला वाचता आले म्हणजे झाले.

कागद आणि दागिने मात्र गाठोड्यात बांधू नयेत, टेम्पोतही ठेवू नयेत. एका पिशवीत घालून घरातल्या एका शहाण्या माणसाने ती पिशवी जवळ बाळगावी. त्याने त्या दिवशी दुसरे काहीच उचलू नये. सातबाऱ्याचा उतारा हरवला तर नवा काढता येतो. खरेदीखताची नक्कलही नोंदणी कचेरीतून मिळते, पण तिला अर्ज, फी आणि हेलपाटे पडतात. गेलेला दागिना तर कोणतीच कचेरी परत देत नाही.

रिकाम्या कपाटाबद्दल एक फार महत्त्वाची गोष्ट. कपाट अंगणात उभे असते. फळ्या काढलेल्या असतात. मुलांना ती लपायला छान जागा वाटते. मूल आत शिरते, दार ओढून घेते, आणि बाहेरची मूठ आपोआप फिरून दार लागते. आतून ते उघडत नाही. मोठी माणसे गडबडीत असतात, कोणाला हाक ऐकू येत नाही. आतली हवा थोडीच असते, आणि उन्हात पत्रा तापतो. म्हणून कपाट रिकामे झाले की त्याच क्षणी कुलूप लावावे, आणि किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात घालावी. कुलूप बिघडलेले असेल तर दोरीचे दोन वेढे देऊन गाठ मारावी. कुलूप लावण्यापूर्वी आत एकदा डोकावून पाहावे, हे सांगायला नकोच.

उचलण्याची रीत

मुंबईच्या गोदीत आणि बाजारपेठांत आपल्याकडचेच किती लोक हमाली करीत आले. त्यांच्यासाठी १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. या लोकांचे काम कधी उभे राहून पाहावे. ते आरडाओरडा करीत नाहीत. एकच जण बोलतो आणि बाकीचे ऐकतात.

आपणही तसेच करावे. चौघांनी उचलायचे आणि पाचव्याने वजन न धरता पुढे चालून वाट दाखवायची. हाच पाचवा मुकादम. त्याने आधीच सांगून ठेवावे, की 'तीन' म्हणताना उचलायचे की 'तीन' म्हणून झाल्यावर. ऐकायला हे पोरकट वाटते. पण दोघांनी आधी उचलले आणि दोघांनी मागून, म्हणजे कपाट तिरपे होते, आणि बहुतेक अपघात इथेच होतात. 'घे' आणि 'ठेव' हे मुकादमानेच म्हणावे. 'थांब' मात्र कोणीही म्हणावे, आणि ते ऐकताच सगळ्यांनी थांबावे. धाकट्याने म्हटले म्हणून हसू नये. त्याचेच बोट अडकलेले असेल.

हातातली अंगठी काढावी. धोतराचा सोगा, साडीचा पदर खोचून घ्यावा. पायात बोटे झाकणारा जोडा असावा. सुटी चप्पल घालून वजन उचलू नये, ती पायातून निसटते आणि माणूस तिच्यातच अडखळतो. खाली वाकताना कंबरेतून वाकू नये. गुडघे मोडून बसावे, कपाट छातीशी धरावे आणि पायांच्या जोराने उठावे. वजन हातात असताना कंबर पिळू नये. वळायचे तर पावले टाकून वळावे. ज्याला आंतरगळ आहे त्याने, गरोदर बाईने, नुकत्या बाळंत झालेल्या बाईने हात लावू नये. भिडेखातर तर मुळीच नाही.

दाराच्या मुठीला धरून कपाट उचलू नये. ती मूठ दार उघडायला आहे, शंभर किलो पेलायला नाही. तळाखाली हात घालावेत. चौकटीतून जाताना हात कपाटाच्या कडेला बाहेरून राहिला, की बोटे गेलीच म्हणून समजा. तेव्हा दारापाशी कपाट खाली टेकवावे, हात बदलावेत आणि मग आत सरकवावे.

आणि निसटलेच तर? तर सोडून द्यावे आणि बाजूला व्हावे. पडणारे कपाट सावरायला कोणी धावू नये. पत्र्याला पोचा आला तर आतून ठोकून काढता येतो. पायाचे हाड तसे ठोकून सरळ होत नाही.

माणसे कमी असली तरी युक्ती आहे. पहार घ्या. चार फुटी पहारेच्या टोकापासून सहा इंचांवर दगडाचा टेकू द्या. पहारेचा एक भाग सहा इंचांचा, दुसरा बेचाळीस इंचांचा. बेचाळीसला सहाने भागले की सात. म्हणजे जोर सातपट होतो. १०० किलोच्या कपाटाची एक कड उचलायची तर ५० किलो पेलावे लागतात. पहारेने तेच काम सुमारे ७ किलोच्या दाबात होते. पहार आणि पत्रा यांमध्ये लाकडाचा तुकडा ठेवावा, नाहीतर पत्रा आत जाईल. कड वर उचलली की आधी लाकडी ठोकळा आत सरकवावा, तोही काठीने. हात आत घालू नये. मग खाली लोखंडी नळीचे किंवा गोल वाशाचे तीन तुकडे घालावेत आणि कपाट हलके ढकलावे. मागे सुटलेला तुकडा उचलून पुढे ठेवावा. सपाट अंगणातून दोन माणसे असे कपाट आरामात नेतात. उतारावर मात्र हे करू नका. नळ्या उतार पाहून आपल्या मर्जीने पळतात.

जिना किंवा ओट्याच्या पायऱ्या असतील, तर खालच्या बाजूला असणाऱ्याकडे जास्त भार येतो. म्हणून दणकट गडी खाली असावेत. वरच्याने दोर धरून ताण ठेवावा. पायरीपायरीला टेकवावे.

वाटेत

बैलगाडीतून कपाट नेण्याचे दिवस पुष्कळ ठिकाणी गेले. आता 'छोटा हत्ती' येतो. तो बोलावण्याआधी आपल्या दोऱ्या तपासाव्यात. कुजलेला काथ्या किंवा गोठ्यातला झिजलेला कासरा वापरू नये.

आरसा असेल तर तो सुताराकडून काढून घ्यावा. तो वाकळेत गुंडाळावा आणि गाडीत उभा ठेवावा. आडवी ठेवलेली काच गचक्याने मधोमध फुटते. आरसा निघतच नसेल तर त्यावर चिकटपट्टी फुलीसारखी लावावी. काच फुटली तरी तुकडे उडत नाहीत.

कपाट निजवून न्यायचे तर पाठीवर निजवावे, दारे आभाळाकडे. खाली गोधडी किंवा गोणपाट. उभे न्यायचे तर पुढे केबिनीला टेकवून दोन ठिकाणी बांधावे, एक दोरी वर आणि एक खाली. कडेवर दोरी घासते तेथे पोत्याचा तुकडा द्यावा. आम्ही निजवण्याच्याच बाजूचे आहोत, आणि त्याचे कारण विजेची तार. टेम्पोची फळी जमिनीपासून अडीच फूट, तिच्यावर साडेसहा फुटी कपाट, म्हणजे नऊ फूट झाले. गावातल्या गल्लीत कोठे कोठे घरात घेतलेली वायर याहून खाली लोंबते. लोखंडी कपाट तिला लागले तर काय होईल, ते सांगायला नको. वाट आधी पायी चालून पाहावी. लोंबणारी वायर काठीने वर उचलून गाडी खालून काढणे, हा प्रकार आपल्याकडे सर्रास चालतो. तो जिवाशी खेळ आहे. दुसरी वाट घ्यावी, नाहीतर वायरमनला बोलवावे.

कपाट धरायला म्हणून मागे पोरांना बसवतात. तसे करू नये. गाडी गचकन थांबली तर पोरगे कपाटाला धरत नाही, कपाट पोराला धरते. जे धरायचे ते दोरीने धरावे.

गृहप्रवेश मुहूर्तावर असतो. पाडवा, अक्षय तृतीया, दसरा. त्या दिवशी घाई, पाहुणे, स्वयंपाक. आमची सूचना अशी, की मुहूर्तावर कलश, दिवा आणि देव आत न्यावेत. कपाट दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढण्याआधी न्यावे. कपाटाला मुहूर्त लागत नाही. पावसाळ्यात तर चिखलात पाय घसरतो आणि लाकडी कपाट फुगलेले असते. शक्यतो ते दिवस टाळावेत.

नव्या जागी

नव्या भिंतीत बांधकामाचे पाणी बरेच दिवस मुरलेले असते. कपाट भिंतीला चिकटवून ठेवले तर मागून पत्रा गंजतो, लाकडाला बुरशी येते, आणि वाळवी भिंतीतून सरळ आत शिरते. दोन-तीन बोटे अंतर ठेवावे. लाकडी कपाट मातीच्या जमिनीवर उभे करू नये, पायांखाली फरशीचे तुकडे द्यावेत.

गवंड्याची पाणसळ मागून आणावी आणि कपाटावर ठेवून पाहावी. ती नसेल तर दार अर्धे उघडून सोडून द्यावे. दार आपोआप फिरू लागले तर कपाट कललेले आहे. लोखंडी कपाटाचे कुलूप लागत नाही म्हणून आपण मिस्त्रीला बोलावतो. पुष्कळदा कुलूप ठीक असते, पाय वरखाली असतात. पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातली की कुलूप लागते. पुढचे पाय मागच्यांपेक्षा किंचित उंच असावेत, म्हणजे कपाट भिंतीकडे झुकलेले राहते.

आणि ते भिंतीला बांधलेलेच असावे. वरच्या बाजूला दोन लोखंडी कोन. भिंतीशी अंतर आहे तेवढ्या जाडीचा लाकडी ठोकळा मध्ये घालून कोन भिंतीत पक्के करावेत. ठोकायचे विटेत, नुसत्या गिलाव्यात नाही. याला खर्च फार येत नाही. मूल खणाला लोंबकळते, खालच्या कप्प्यावर पाय देऊन वरचा डबा काढायला जाते. दोन्ही दारे उघडी, मुलाचे वजन पुढे, आणि न बांधलेले कपाट पुढे येते. असे मुलावर पडलेले कपाट आई एकटीने उचलू शकत नाही.

भूकंपाचेही ध्यानात ठेवावे. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ ला झाला, किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ ला. दोन्ही वेळा पहाट होती आणि माणसे अंथरुणात होती. म्हणून कपाट उशाशी ठेवू नये, आणि पडले तर दार अडेल अशा जागीही ठेवू नये.

भरताना जड ते खाली ठेवावे. पांघरुणे, भांडी खालच्या कप्प्यात. कागद मात्र अगदी तळाला नकोत, घरात पाणी शिरले तर तेच आधी भिजतात. कपाटाच्या डोक्यावर लोखंडी ट्रंक, जुनी वजने, जात्याची तळी असले काही चढवून ठेवू नये. चिठ्ठ्या वाचून गाठोडी ज्या त्या कप्प्यात ठेवावीत. दुसरी किल्ली कपाटातच ठेवणारे लोक आम्ही पाहिले आहेत. ती थोरल्या माणसाकडे किंवा डाळीच्या डब्यात असावी.

पहिला पाऊस झाला की नवी जमीन थोडी बसते. त्या आठवड्यात कपाटाच्या मागे हात घालून ओल लागते का पाहावे, कोनांचे स्क्रू एकदा आवळावेत. दार घासू लागले असेल तर कानशीने दार घासायला बसू नका. पायाखालचा पुठ्ठा ओला होऊन दबलेला असतो. तो काढून पत्र्याचा तुकडा घालावा.